सवलत आधी आली, साधन मागे राहिलं : डिसलेक्सिया, महाराष्ट्र आणि पैशाचा इतिहास



मागच्या लेखात आपण 'विषय' आणि 'संशोधन-प्रश्न' यातला फरक बघितला होता. आज तोच फरक एका खऱ्या उदाहरणावर तपासू. पीएच.डी.च्या मुलाखतीला आलेले बरेच विद्यार्थी सांगतात, "सर, मला डिसलेक्सिया आणि सहाय्यक तंत्रज्ञान यावर काम करायचंय." विषय चांगला आहे, पण तो अजून प्रश्न झालेला नाही. प्रश्न असा होईल : डिसलेक्सिया असलेल्या मुलाला वाचायला मदत करणारं साधन मिळावं, त्यासाठी सरकारी पैसा कोणत्या वर्षापासून, कोणत्या यादीच्या आधारे आणि कोणाच्या सहीने मिळू लागला?

बघा, एवढं विचारल्यावर लगेच कागद शोधता येतात. वर्षं लावता येतात. दोन कागदांमधली विसंगती पकडता येते. मी मूळचा विज्ञान शाखेचा, त्यामुळे मला इतिहास म्हणजे 'वर्णन' वाटायचं. पण धोरणाचा इतिहास वाचताना प्रयोगवहीसारखीच शिस्त लागते. प्रत्येक नोंदीपुढे तारीख हवी, एकक हवं आणि 'काय मोजलं नाही' हेही हवं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग पुरावे. महाराष्ट्रात डिसलेक्सिया असलेल्या मुलांना सवलत लवकर मिळाली, साधन मात्र वीस वर्षं मागे राहिलं. यामागे माझ्या मते कोणाचा वाईट हेतू नव्हता. कारण याद्यांच्या रचनेत आहे.

साधन म्हणजे नेमकं काय?

डिसलेक्सियात मुलाची बुद्धी कमी नसते, डोळेही ठीक असतात. छापील अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी मेंदूत पटकन लागत नाही, म्हणून वाचन अडखळतं आणि लेखनात चुका होतात. वैद्यकीय साहित्यात याची नोंद जुनी आहे. 'डिसलेक्सिया' हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये वापरला. १८९६ मध्ये इंग्लंडच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाची नोंद छापली, ज्याला वाचता येत नव्हतं.

अशा मुलाला साधन म्हणजे चाकाची खुर्ची नाही की श्रवणयंत्र नाही. त्याला लागतं ते असं : पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बोललेलं टाइप करून देणारं सॉफ्टवेअर, ध्वनिमुद्रित पाठ्यपुस्तक, शब्द सुचवणारा कीबोर्ड, ओळीवर सरकणारी वाचनपेनं. यातल्या बऱ्याच गोष्टी मुळात दृष्टिहीनांसाठी बनल्या. रे कुर्झवाइल यांचं वाचनयंत्र १९७६ मध्ये आलं, तेव्हा ते टेबलभर जागा घ्यायचं. आज तेच काम खिशातला फोन करतो.

याचा उपयोग होतो का, हे विज्ञानवाल्याने विचारलंच पाहिजे. वुड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून बघितले. वाचनाची अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना मजकूर ऐकवला, तर आकलनात सरासरी ०.३५ इतका परिणाम दिसला. सांख्यिकीच्या भाषेत हा लहान ते मध्यम परिणाम. म्हणजे चमत्कार नाही, पण नगण्यही नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : साधन हा उपचारात्मक अध्यापनाला पर्याय नाही. शिक्षक वाचायला शिकवतो. तोपर्यंत इतिहास-भूगोलाचा धडा मुलापर्यंत पोचवण्याचं काम साधन करतं.

१९७४ ते १९९२ : नाव होतं, पण छोट्या अक्षरात

केंद्र सरकारची 'अपंग मुलांसाठी एकात्मिक शिक्षण योजना' १९७४ साली सुरू झाली. आधी ती समाजकल्याण खात्याकडे होती, १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. हा बदल महत्त्वाचा आहे. खातं बदललं की 'लाभार्थी'चा 'विद्यार्थी' होतो.

१९९२ मध्ये ही योजना सुधारली. तिच्या व्याप्तीत अस्थिव्यंग, श्रवणदोष, अंशतः दृष्टी वगैरे गट होतेच, शिवाय 'अध्ययन अक्षमता असलेली मुलं' हाही गट होता! पैसेही ठरलेले होते : पुस्तकं-साहित्याला वर्षाला ४०० रुपये, गणवेशाला २०० रुपये आणि उपकरणांसाठी प्रत्यक्ष खर्च, पण पाच वर्षांत मिळून जास्तीत जास्त २,००० रुपये. म्हणजे उपकरणाला वर्षाला ४०० रुपये पडले. मोठी रक्कम नव्हे, पण तत्त्व मान्य झालं होतं.

इथे संशोधक म्हणून तुम्ही थांबलं पाहिजे. योजनेत नाव आहे, म्हणजे मुलाला पैसा मिळाला, असा निष्कर्ष काढता येत नाही. पुढचा प्रश्न : या गटातलं मूल कोण ओळखणार होतं? मराठी माध्यमाच्या शाळेत, मराठीत, कोणत्या चाचणीने? हा प्रश्न डोक्यात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

१९९५ : कायदा आला, नाव गेलं

मग अपंग व्यक्ती अधिनियम, १९९५ आला. अंमल फेब्रुवारी १९९६ पासून. त्यात सात प्रकार होते : अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, चलनवलनाचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार (शब्द त्या कायद्यातले आहेत, आज आपण ते वापरत नाही). अध्ययन अक्षमता या यादीत नाही.

विसंगती दिसली का? १९९२ च्या शिक्षण योजनेत हे मूल आहे आणि तीनच वर्षांनी आलेल्या कायद्यात ते नाही. योजना म्हणजे खात्याने ठरवलेला खर्च, कायदा म्हणजे हक्क. पुढची वीस वर्षं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, सवलतीचा पास, साधनांची शिबिरं हे सगळं या सात प्रकारांच्या रुळावर चाललं.

मोजणीतही तेच झालं. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न होता. दिसणं, ऐकणं, बोलणं, हालचाल वगैरे प्रकार धरून देशात २.६८ कोटी लोक मोजले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यात अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र रकाना नव्हता. याउलट सीमाभागातल्या बेळगावात मोगसाळे आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतली मुलं तपासली. २०१२ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं प्रमाण सुमारे १५ टक्के आलं. एका शहरातल्या एका अभ्यासावरून देशाचा आकडा काढू नका. पण जनगणनेत ज्याला रकानाच नाही, त्याचं प्रमाण एका शहरात इतकं येतं, हे अंतर डोळ्यांआड करता येत नाही.

१९९६ : मुंबईने वेगळी वाट काढली

केंद्राचा कायदा गप्प असताना मुंबईत हालचाल झाली. १९९६ मध्ये पालक-शिक्षकांच्या पुढाकाराने महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. त्याच सुमारास महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. देशात असं आधी करणाऱ्या राज्यांत आपलं राज्य मोडतं.

सवलती कोणत्या? लेखी परीक्षेला जास्त वेळ. शुद्धलेखनाच्या चुकांना माफी. गरज असेल तर लेखनिक. एका भाषेऐवजी कार्यानुभव. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि कार्यानुभव. यासाठी प्रमाणपत्र लागायचं आणि ते ठरावीक सार्वजनिक रुग्णालयांतून मिळायचं. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय यातलं महत्त्वाचं नाव. तिथल्या अध्ययन अक्षमता क्लिनिकमधून डॉ. माधुरी कुलकर्णी, डॉ. सुनील करंदे आणि सहकाऱ्यांनी बरेच शोधनिबंध लिहिले. महाराष्ट्रातल्या या विषयाचा वैद्यकीय इतिहास लिहायचा तर त्या निबंधांपासूनच सुरुवात करावी लागते.

हे निबंध वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. अभ्यासातली मुलं बहुतेक इंग्रजी माध्यमाची आहेत, आणि भारतीय भाषांत प्रमाणित चाचण्या नसणं ही अडचण डॉक्टरांनी स्वतः नोंदवली आहे. याचा अर्थ नीट समजून घ्या. सवलत राज्यभरातल्या मुलांसाठी होती, पण तिच्या दाराची किल्ली इंग्रजी चाचणीत होती. राई, मुर्धे, मोर्वा या भाईंदरच्या गावठाणांतलं मराठी शाळेतलं मूल शासन निर्णयात होतं, दवाखान्याच्या नोंदवहीत मात्र क्वचितच येत असणार.

आता मुख्य मुद्द्याकडे. सवलत सरकारला जवळजवळ फुकट पडते. अर्धा तास जास्त दिला, एक विषय बदलला, संपलं. साधनाला खरेदी लागते, दुरुस्ती लागते, कोणीतरी ते शिकवावं लागतं. शिवाय सवलत वर्षातून काही दिवस उपयोगी पडते, साधन रोज. दहावीच्या पेपराला जादा वेळ मिळाला खरा, पण पाचवीपासून नववीपर्यंत त्या मुलाने वर्गात काय वाचलं असेल? त्या पाच वर्षांचा खर्च कोणी उचलला? उत्तर आहे, आई-वडिलांनी. अध्ययन अक्षमतेचा आर्थिक भार मोजणारा एक अभ्यास करंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात थेट, अप्रत्यक्ष आणि पैशात न मोजता येणारा असा तिन्ही प्रकारचा भार धरला आहे. खर्चाचा प्रबंध लिहिणाऱ्याने ही विभागणी जरूर अभ्यासावी.

२००१ ते २०१५ : पैसा वाढतो, नाव लटकतं

२००१ नंतर सर्व शिक्षा अभियान आलं. विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला १,२०० रुपये धरले जात. शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर हा आकडा ३,००० झाला. माध्यमिक शाळांसाठी २००९-१० मध्ये नवी केंद्रीय योजना आली, तीही वर्षाला ३,००० रुपयांची.

या माध्यमिक योजनेचा मसुदा मिळवून स्वतः वाचा. लाभार्थींच्या यादीत १९९५ च्या कायद्यातले प्रकार, शिवाय स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी आहेत. वाचादोष आणि अध्ययन अक्षमता यांच्याबद्दल काय लिहिलंय? त्यांचा समावेश 'कालांतराने' होऊ शकेल! १९९२ मध्ये जे नाव योजनेत होतं, ते २००९ मध्ये 'पुढे बघू'च्या रांगेत गेलं. इतिहास सरळ रेषेत पुढेच जातो असं वाटत असेल, तर हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवा.

गंमत बघा, याच काळात समाजात जागृती सगळ्यात जास्त होती. डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीं पर' आला आणि डिसलेक्सिया हा शब्द घराघरात पोचला. पण त्या सिनेमात मुलाला तारतो तो एक प्रेमळ चित्रकला शिक्षक. लोकांच्या मनात उपाय ठसला तो 'चांगला शिक्षक मिळणं' हा. तो चुकीचा नाही, पण चांगला शिक्षक नशिबाने मिळतो. अर्थसंकल्पात तरतूद साधनासाठी आणि पदासाठी करता येते, नशिबासाठी करता येत नाही.

दरम्यान साधनांची सरकारी व्यवस्था आपल्या जुन्या चाकोरीत होती. अपंगांना उपकरणं देणारी केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून आहे, आणि उपकरणं मुख्यतः बनवते ती कानपूरची अलिम्को, स्थापना १९७२. शाळकरी मुलांच्या बाबतीत खर्चाची वाटणी साठ-चाळीस, म्हणजे ६० टक्के एडिपमधून, ४० टक्के सर्व शिक्षा अभियानातून. पद्धत शिबिराची. मूल येतं, पायाचं माप घेतात, कानाची तपासणी होते, काही महिन्यांनी साधन मिळतं. आता या शिबिरात डिसलेक्सिया असलेलं मूल नेऊन उभं करा. कशाचं माप घेणार? २०१४ मध्ये सुधारलेल्या एडिपमध्येही साधनांचे मथळे जुन्याच प्रकारांनुसार होते. स्क्रीन वाचून दाखवणारी साधनं होती, पण दृष्टिहीनांच्या मथळ्याखाली. म्हणजे वस्तू यादीत होती, मूल दुसऱ्याच रांगेत होतं.

बाजूच्या दोन वाटा : कॉपीराइट आणि चाचणी

पैशाच्या इतिहासात दोन गोष्टी सहसा सुटतात, पण त्यांच्याशिवाय पैसा निरुपयोगी आहे.

पहिली, पुस्तकाचा हक्क. वाचणारं सॉफ्टवेअर आलं तरी पुस्तक त्या रूपात बदलण्याची कायदेशीर परवानगी हवी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी पुस्तकं वाचनीय स्वरूपात करायला मुभा दिली. २०१३ मध्ये माराकेश करार झाला. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला, आणि सप्टेंबर २०१६ पासून तो लागू झाला. या करारात फक्त दृष्टिहीन नाहीत, वाचनाची अक्षमता असलेलेही आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. म्हणजे एक नवा कायदा या मुलाला नाव देण्याआधीच कॉपीराइटने त्याला जागा दिली होती!

दुसरी गोष्ट, मराठीतली चाचणी. मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी 'डाली' हा संच तयार केला. २०१५ मध्ये तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत उपलब्ध झाला. याचं मोल कळायला मराठी वाचन कसं चालतं ते बघा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र नंतर. 'र' वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिला जातो : रस, कर्म, क्रम, ट्रक. जोडाक्षरात अक्षर अर्धं होतं, कधी एकाखाली एक जातं. इंग्रजीत अडखळणारं मूल आणि मराठीत अडखळणारं मूल एकाच जागी अडखळत नाहीत. मराठी शाळेतल्या मुलाची परीक्षा इंग्रजी चाचणीने घेतली, तर आपण डिसलेक्सिया मोजतोय की इंग्रजी, हेच कळत नाही.

साधनालाही हेच लागू आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी बनवलेला 'स्वरचक्र' कीबोर्ड घ्या. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याची बाराखडी चक्रासारखी भोवती उघडते. तो डिसलेक्सियासाठी बनलेला नाही. पण देवनागरीच्या रचनेतून साधन कसं निघतं, याचा तो नमुना आहे. उलट उदाहरणही रोजचं : जुन्या फॉन्टमध्ये बनवलेली मराठी पीडीएफ. डोळ्यांना अक्षर बरोबर दिसतं, वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र निरर्थक चिन्हं मिळतात. युनिकोड नसेल तर महागडं साधनसुद्धा मुकं.

२०१६ : अखेर नाव आलं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. लागू १९ एप्रिल २०१७. प्रकार सातांवरून एकवीस. त्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आहे आणि डिसलेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया हे शब्द कायद्याच्या अनुसूचीत आहेत. कलम १६ शाळांवर जबाबदारी टाकतं की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा. कलम १७ मध्ये आपल्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे : पुस्तकं, अध्ययन साहित्य आणि योग्य सहाय्यक साधनं अठरा वर्षांपर्यंत मोफत.

पण कोणाला? 'लक्षणीय दिव्यांगत्व' असलेल्यांना. म्हणजे प्रमाणित झालेलं, ४० टक्के किंवा जास्त.

आता ४ जानेवारी २०१८ ची मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं उघडा. त्यांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांपुढेच मिळणार होतं. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा, आणि ते शेवटचं प्रमाणपत्र कायमचं. आठ वर्षांच्या अटीला शास्त्रीय कारण आहे. सहा-सात वर्षांचं प्रत्येक मूल थोडंफार अडखळतंच, घाईने शिक्का मारणं योग्य नाही. पण कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. म्हणजे पहिली आणि दुसरी, वाचन शिकण्याची नेमकी हीच दोन वर्षं, साधनाच्या हक्काबाहेर राहिली. शिवाय टक्क्यांचं कोडं आहेच. हाताची हालचाल किंवा नजर टक्क्यांत मांडता येते, वाचनाचं अडखळणं तसं मांडायचं कसं?

न्यायालयाने ही गाठ थोडी सैल केली. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवा आयोगाविरुद्धच्या एका प्रकरणात सांगितलं की 'दिव्यांग' आणि '४० टक्के दिव्यांग' या वेगळ्या गोष्टी आहेत. लेखनिकाची सोय ४० टक्क्यांवर अडवता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात, नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला जादा वेळ नाकारला गेला, तेव्हा न्यायालयाने परीक्षा यंत्रणेला धारेवर धरलं. १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांखालच्यांसाठीही लेखनिकाचे नियम निघाले.

पण पॅटर्न ओळखलात ना? पुन्हा वेळ, पुन्हा लेखनिक, पुन्हा परीक्षा. हे निकाल मोलाचे आहेतच, पण ते सवलतीच्या बाजूचे. साधनाच्या मोफत हक्कापुढे ४० टक्क्यांची अट अजून तशीच आहे.

आज राईतून बघितलं तर

समजा, राई गावात राहणारी, मराठी शाळेत चौथीत शिकणारी एक मुलगी आहे. वय नऊ. तिच्यासाठी कागदावर आज काय काय आहे?

समग्र शिक्षा, २०१८ पासून : दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये, पहिली ते बारावी, आणि मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये भत्ता. लक्षात घ्या, हे ३,५०० रुपये तिच्या हातात येत नाहीत. हे नियोजनाचं एकक आहे. तपासणी शिबिरं, साधनं, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता असे खर्च त्या एकत्रित रकमेतून भागवायचे असतात. भागाकार केला तर महिन्याला २९२ रुपयेही पुरे पडत नाहीत.

शाळेत प्राथमिक चाळणीसाठी एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे ॲप आहे, २०२२ चं. त्यात शिक्षकाने एकवीस प्रकारांच्या खुणा तपासायच्या. पुढे साधन केंद्रातले विशेष शिक्षक, मग वैश्विक ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज, मग रुग्णालय. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मिळून तपासायचं असल्याने ही तपासणी प्रत्येक दवाखान्यात होत नाही. राईहून भाईंदर स्टेशन, तिथून घोडबंदर रोडने ठाणं, नाहीतर लोकलने दादर आणि गाडी बदलून शीव. एका फेरीत तपासणी संपत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या आईसाठी प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाचा खाडा. 'मोफत' साधनाची ही किंमत कुठल्याच सरकारी तक्त्यात नसते.

तिसरी वाट महापालिकेची. महाराष्ट्रात नागरी स्थानिक संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. मीरा-भाईंदर १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. म्हणजे राईची जुनी गावठाणं आज एका महापालिकेच्या हद्दीत आहेत, हा निधी त्यांच्याही वाट्याचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही केला. पण इथेही अर्जाला जोडायचा पहिला कागद तोच, प्रमाणपत्र.

आणि या सगळ्याच्या समोर एक साधी वस्तू : घरातला स्मार्टफोन. मराठी मजकूर मोठ्याने वाचणं, बोललेलं मराठीत टाइप करणं, छापील पानाचा फोटो काढून अक्षरं ओळखणं, हे आज त्यावर फुकट होतं. बालभारतीची पुस्तकंही ऑनलाइन मोफत मिळतात. १९९२ मध्ये २,००० रुपयांत जे मिळणं शक्य नव्हतं, ते आज निधी येण्याआधीच घरात येऊन बसलंय. तरी ते 'साधन' ठरत नाही. बऱ्याच शाळांत फोन आणायला बंदी असते, आणि तो वापरून कसं शिकायचं हे मुलीला शिकवणारा तास वेळापत्रकात नसतो.

मग साधन मागे का राहिलं?

माझी तीन स्पष्टीकरणं मांडतो. ही गृहीतकं आहेत, तुम्ही ती तपासा, मोडा.

एक, यादीचं कारण. पैसा यादीतल्या नावामागे जातो. नाव १९९२ मध्ये आलं, १९९५ मध्ये सुटलं, २००९ मध्ये 'कालांतराने'वर गेलं, २०१६ मध्ये परत आलं. प्रत्येक वेळी यंत्रणा पहिल्यापासून सुरू.

दोन, वस्तूचं कारण. सरकारी साठावहीत खुर्ची नोंदता येते, सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षण नोंदणं अवघड. शिबिर आणि वाटप या पद्धतीत दरवर्षी नूतनीकरण लागणारी, शिकवावी लागणारी गोष्ट बसत नाही.

तीन, मागणीचं कारण. १९९६ ची मागणी दहावीच्या दारातून उठली, म्हणून उत्तरही दहावीपुरतं मिळालं. अमेरिकेत १९९७ च्या दुरुस्तीने प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करताना साधनाचा विचार करणं शाळेवर बंधनकारक केलं. तिथे प्रश्न 'किती टक्के?' असा नव्हता, 'शिकायला काय लागेल?' असा होता. तिथलं सगळं आलबेल आहे असं नाही, पण प्रश्न बदलला की खर्चाची ओळ बदलते.

तुमच्यासाठी काम

हा विषय घ्यायचा असेल तर आधी पाच रकान्यांचा तक्ता करा : वर्ष, कागद, नाव आहे का, रक्कम आणि तिचं एकक, ओळखणारा कोण. वर सांगितलेले सगळे कागद त्यात भरा. रिकामे रकाने हेच तुमचे संशोधन-प्रश्न.

मग एकच जिल्हा किंवा एकच महापालिका निवडा. माहितीचा अधिकार, २००५ खाली दोन आकडे मागा : शाळांच्या यूडायस नोंदीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेची मुलं किती, आणि त्यातल्या कितींना गेल्या तीन वर्षांत कोणतं साधन मिळालं. मुलांची नावं मागू नका, गरज नाही आणि योग्यही नाही. माध्यमनिहाय विभागणी मात्र नक्की मागा. मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू शाळांचे आकडे वेगळे झाल्याशिवाय चाचणीच्या भाषेचा प्रश्न दिसणार नाही.

उत्तरात 'निरंक' आलं तर निराश होऊ नका. तारखेसह आणि सहीसह आलेलं 'निरंक' हाही पुरावाच असतो, आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या वतीने तो कोणीतरी नोंदवलेला असणं गरजेचं आहे. तिला चौदा वर्षांची व्हायला अजून पाच वर्षं आहेत. तुमच्या पीएच.डी.लाही साधारण तेवढीच लागतील.

पुढच्या लेखात माहिती अधिकाराचा अर्ज संशोधनासाठी कसा लिहायचा, ते नमुन्यासह बघू. शंका असतील तर खाली विचारा.